वाचकांचे प्रश्न : नव्या सहवैमानिकाने घर कुठे घ्यावे आणि कधी?

प्रश्न : स. न. वि. वि. एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून माझी नुकतीच निवड झाली आहे. टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचे, सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण पुढच्या महिन्यात संपेल आणि त्यानंतर लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर प्रशिक्षकासोबतचे प्रशिक्षण, सुरू होईल. बेस म्हणून, म्हणजे जेथून माझी ड्यूटी सुरू होईल ते ठिकाण म्हणून, ज्या महानगराचे नाव कळवले आहे, तेथे विमानतळाजवळच्या छोट्या घराचे भाडेही माझ्या सुरुवातीच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते आता सुरू होत आहेत. शहराबाहेर, सुमारे दोन तासांच्या अंतरावर, परवडणारे घर मिळते आहे. मात्र घरमालक दोन वर्षांचा करार मागतात. ते घ्यावे का? हातात अजून एकही पगारपत्रक नसताना दुसरे कोणी मला घर देईल का?
– एक नवा सहवैमानिक

उत्तर : आपले मनापासून अभिनंदन. दोन तासांवरचे ते घर मात्र घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो.

वैमानिकाच्या घराचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. ते स्टँडबायच्या, म्हणजे बोलावणे येताच ड्यूटीवर जाण्यासाठी तयार राहण्याच्या, वेळेत मोजावे लागते. नव्या माणसाची सीनिऑरिटी तळाशी असते, त्यामुळे पहिल्या काळात रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, स्टँडबायचे दिवस आणि अडनिड्या वेळांची उड्डाणे त्याच्या वाट्याला अधिक येतात. फोन आल्यापासून किती वेळात हजर व्हायचे हे प्रत्येक कंपनी ठरवून देते, आणि पुष्कळ ठिकाणी ही मुदत एक-दीड तासाची असते. युरोपातील उड्डाणसेवेच्या नियमांसोबतच्या मार्गदर्शनात तर असे सुचवले आहे, की घरापासून बेसपर्यंतच्या प्रवासाला सहसा ९० मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर कर्मचाऱ्याने बेसजवळ तात्पुरत्या निवासाची सोय करण्याचा विचार करावा. आपले दोन तास या मर्यादेच्या बाहेर पडतात, आणि तेही रस्ता मोकळा असेल तेव्हा.

हा प्रश्न केवळ वेळेवर पोहोचण्याचा नाही, झोपेचा आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले आणि जमिनीवरच्या एका व्यक्तीसह ५० जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असे दिसले, की सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करत न्यूअर्कच्या बेसवर पोहोचली होती आणि कॅप्टनने विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत (क्रू रूम) रात्र काढली होती. स्टॉलच्या, म्हणजे पंखांना मिळणारी उचल कमी पडण्याच्या, इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे अपघाताचे कारण ठरले; थकव्याचा वाटा नेमका किती, हे ठरवता आले नाही, परंतु त्याचा परिणाम दोघांच्या कामगिरीवर झाला असण्याची शक्यता अहवालात नोंदवली गेली. त्यानंतर अमेरिकेत विश्रांतीचे नियम बदलले आणि २०१४ पासून प्रवासी उड्डाणांच्या ड्यूटीआधी सलग १० तासांची विश्रांती व तीत ८ तास अखंड झोपेची संधी बंधनकारक झाली. नियम संधी देतो. त्या वेळात आपण अंथरुणावर असू की रस्त्यावर, हे घराच्या पत्त्यावर ठरते.

मी स्वतः सुरुवातीला हीच चूक केली होती. विमानतळापर्यंत थेट रेल्वे आहे एवढे पाहून मी दूरची स्वस्त खोली घेतली, आणि पहिली गाडी पाच वाजता सुटते याकडे माझे लक्षच गेले नाही. माझी स्टँडबाय विमानतळावरच असे आणि ती चार वाजता सुरू होत असे. महिनाभर मी अडीचचा गजर लावून टॅक्सीने गेलो. महिनाअखेरीस टॅक्सीचा हिशेब मांडला तेव्हा भाड्यात वाचलेली रक्कम त्यातच गेलेली दिसली, आणि झोप गेली ती वेगळीच. म्हणून भाडे एकटे पाहू नका; भाडे आणि पहाटेच्या प्रवासाचा खर्च एकत्र धरा. कंपनी ने-आणीसाठी गाडी पाठवत असेल, तर ती कोणत्या हद्दीपर्यंत येते हे लेखी विचारून घ्या. त्या हद्दीच्या आतल्या कडेला असलेली घरे बहुधा सर्वांत फायदेशीर ठरतात.

आता कराराविषयी. लाइन ट्रेनिंग संपून आपण प्रशिक्षकाविना नियमित उड्डाणे करायला मोकळे होईपर्यंत दीर्घ मुदतीच्या कशावरही सही करू नका. मधल्या काळात बेस बदलू शकतो, प्रशिक्षण लांबू शकते. उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ताही बहुतेक ठिकाणी नियमित उड्डाणे सुरू झाल्यावरच हातात येतो. तोवर भाड्याची ऐपत फक्त पगाराच्या ठरलेल्या भागावरून, आणि तीही कर्जाचा हप्ता वजा करून, ठरवा.

हे पहिले सहा-आठ महिने सहकाऱ्यांसोबत राहण्याचे असतात. अनेक मोठ्या बेसजवळ वैमानिक आणि केबिन क्रू मिळून घर भाड्याने घेतात. त्याला क्रॅशपॅड म्हणतात. त्यात ‘हॉट बेड’ म्हणजे जो येईल त्याने मोकळा पलंग घ्यायचा, आणि ‘कोल्ड बेड’ म्हणजे पलंग कायम आपलाच. बेसच्याच शहरात राहणार असाल तर थोडे अधिक पैसे देऊन कोल्ड बेडच घ्या, आणि शक्य असल्यास दार बंद होणारी स्वतंत्र खोली. रात्री दोन वाजता परतणारा सहकारी कितीही जपून वावरला, तरी बॅगेच्या चाकांचा आवाज आणि दाराखालून येणारी उजेडाची पट्टी झोपमोड करतेच. जागेची चौकशी कंपनीतल्या सहवैमानिकांकडेच करा. कोणी बेस बदलला की जागा रिकामी होते, आणि ही बातमी दलालाच्या आधी त्यांना कळते.

पगारपत्रकाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. नियुक्तीपत्र, ठरलेल्या पगाराचा त्यातील उल्लेख आणि मनुष्यबळ विभागाचे पत्र एवढ्यावर बरेच घरमालक तयार होतात. काहींना भरवसा वाटला नाही, तर एखाद्या महिन्याचे भाडे आगाऊ देण्याची तयारी दाखवा, पण पावतीशिवाय देऊ नका. करार सहा महिन्यांचा मागा, आणि बदली झाल्यास एका महिन्याच्या सूचनेने घर सोडता येईल व अनामत रक्कम परत मिळेल, असे कलम त्यात लिहून घ्या. आपल्या बेसमधून वैमानिकांच्या बदल्या होतात हे घरमालकांना आधीच प्रामाणिकपणे सांगा. नंतर कळले की वाद होतो.

पसंत पडलेले घर दुपारी बारा वाजता एकदा पाहा, पडदे ओढून दहा मिनिटे शांत बसा, आणि शेजारच्या शाळेचा, बांधकामाचा किंवा जिन्याचा किती आवाज येतो ते ऐका, कारण आपल्याला तेथे पुष्कळदा भर दिवसा झोपायचे आहे. मग एका पहाटे तीन वाजता तेथून विमानतळापर्यंत प्रत्यक्ष जाऊन किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तो आकडा हाती आल्यावरच सही करा.