'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे आधी वर्गातून हद्दपार करा

तुम्ही विचारलंय की साताऱ्याजवळच्या शाळेत आठवी-नववीला नव्यानं गणित घेताय, हिशोबाला बरी असलेली मुलंसुद्धा एक्स दिसला की गप्प होतात, तर बीजगणित प्रभावीपणे कसं शिकवावं, एखादं ॲप आहे का. ॲपचं दुसऱ्या कुणाला विचारा. बाकीचं मात्र मला सांगायचंच आहे, कारण तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी २९ वर्षं हाच विषय शिकवला आणि त्यातली पहिली सहा वर्षं तो चुकीचा शिकवला.

१९९८ साल. नववीच्या घटक चाचणीचे पेपर घरी तपासत होते. एक सोपं गणित घातलं होतं, ३क्ष = १२. एका मुलानं लिहिलं होतं, क्ष = १२ ÷ (−३) = −४. लाल फुली मारून पुढं गेले, तर पुढच्या पेपरातही तेच. गठ्ठा संपेपर्यंत अकरा पेपर तसे निघाले. कॉपी म्हणावी, तर अकराही जण वेगवेगळ्या बाकांवरचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पेपरवाल्याला बोलावलं. गावात त्याच्या वडलांचं किराणा दुकान, शाळा सुटली की हाच गल्ल्यावर बसायचा. विचारलं, हे उणे कुठून आलं? तो म्हणाला, "बाई, तुमीच सांगितलंय की. पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं. तीन पलीकडं गेलं, मग उणे तीन झालं."

मला बोलताच येईना. खरंच मीच सांगितलं होतं. माझ्या शब्दावर त्यानं पूर्ण विश्वास ठेवला आणि म्हणूनच त्याचं गणित चुकलं.

मग मी त्याला विचारलं, दुकानात सुटं गोडेतेल कसं मोजतोस? गिऱ्हाईक किटली घेऊन आलं तर किटलीचं वजन तेलात धरतोस का? तो हसला. "न्हाई बाई, आधी धडा करतो की." रिकामी किटली एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे खडे, काटा मधोमध आला की मगच वजनं टाकायची आणि तेल ओतायचं. मी फळ्यावर ३क्ष + ४ = १९ लिहिलं आणि म्हटलं, बघ काही दिसतंय का. बराच वेळ तो फळ्याकडं बघत राहिला. मग पुढं येऊन चारवर बोट ठेवलं. "ही किटली. आन् एकोणीसमधलं चार म्हंजे धड्याचं खडं. किटली काढली तर खडंबी काढायला पायजेत. राह्यलं पंधरा. तीन सारख्या पिशव्या पंधरा किलो, एक पाच किलोची." मग स्वतःच पेपर हातात घेऊन म्हणाला, "तीन पिशव्या बारा किलो, तर एक चार किलोची. ह्यात उणे कुठनं आलं?"

दोन दिवसांनी त्यानं घरचा तराजू वर्गात आणला. तो आठवडा मी तराजूवरच काढला. दोन्ही पारड्यांत जे करायचं ते सारखं करायचं, एवढा एकच नियम. 'पलीकडे' हा शब्दच उच्चारायचा नाही.

आमचे ज्येष्ठ गणिताचे सर तेव्हा दारातून डोकावून गेले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, परीक्षेत पोरं तराजू घेऊन बसणार आहेत का? नियम द्या, वीस गणितं घाला, हात बसतो. आणि दुकानदाराच्या पोराला शेवटी दुकानच बघायचंय." तेव्हा मी नवखी, गप्प बसले. आज सांगते. सर, हात बसतो हे खरं, पण तो चुकीवरही बसतो, आणि माझ्या अकरा पोरांचा तसाच बसला होता. दुकानदाराच्या पोराला समीकरण तुमच्या-माझ्या आधी येत होतं, आपण त्याला ते विसरायला लावत होतो. तो बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात गणितात पास झाला, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

दुसरं दुखणं 'बरोबर' या शब्दाचं. पहिलीपासून आपण म्हणतो, सात अधिक पाच बरोबर बारा. पोराच्या डोक्यात 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिही'. दोन बाजू सारख्या आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग क्ष डावीकडे आणि उजवीकडेही आला की ते हबकणारच. मी 'दोन्हीकडं सारखं' असं वाचायला लावायची.

आणि ते 'क म्हणजे केळी, आ म्हणजे आंबे' कृपा करून नको. अक्षर वस्तूसाठी नसतं, संख्येसाठी असतं. क म्हणजे एका केळ्याची किंमत म्हणा, चालेल. नाहीतर ३क × २आ आलं की पोरं केळी आणि आंबे गुणत बसतात.

आता तराजूची अडचणही सांगायला हवी. ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाही. तिथं मी भास्कराचार्यांकडे गेले. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटलंय, आणखी अज्ञात लागले तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. त्यात एक गणित आहे. एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे, दुसऱ्याकडे १० घोडे पण १०० रुपये कर्ज, दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? माझ्या पोरांनी घोड्यांच्या म्हशी केल्या. उत्तर शंभर आलं तेव्हा वर्ग ओरडला, "शंभराला म्हैस?" मग ३०० चे ३०,००० केले आणि कर्ज १०,०००. एक मुलगी उठून म्हणाली, दोघांनाही दहा-दहा हजार द्या, दुसऱ्याचं कर्ज फिटेल. पहिल्याकडे झाले ४०,००० आणि ६ म्हशी, दुसऱ्याकडे नुसत्या १० म्हशी. दोघांच्या सहा-सहा म्हशी बाजूला काढा, ४ म्हशींचे ४०,०००. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण याच शब्दांत बेरीज-गुणाकाराचे नियम दिलेत. आपण 'ऋण संख्या' रोज म्हणतो, पण ऋण म्हणजे कर्ज हे वर्गात कुणी बोलतच नाही.

अवयव, बहुपदी, वर्गसमीकरणं यांना हे पुरत नाही, तिथं सराव लागतोच. कुणी (अ + ब)² = अ² + ब² लिहिलं तर समजावत बसू नका, ३ आणि ४ घालून ताळा करायला लावा, एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. आणि एकदा समजल्यावर पोरं 'पलीकडे नेलं' म्हणाली तरी हरकत नाही, मीही म्हणते. आता दुकानादुकानात इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, तुमच्या मुलांनी धडा करताना बघितलाही नसेल. तर कपड्याचा हँगर खिळ्याला टांगा, दोन टोकांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकवा, काम भागतं. सत्तर मुलांच्या वर्गात मात्र हे जड जातं, तिथं गट पाडावे लागतील.

सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर एवढंच लिहा, ८ + ४ = □ + ५, आणि चौकटीत काय येईल ते प्रत्येकाला वहीत लिहू दे. ७ च्या जागी १२ किती जणांनी लिहिलं ते मोजा आणि मला इथं कळवा.