पत्र्याच्या शेडमधला रास्पबेरी पाय दुपारी बंद पडतोय

प्रश्न: नमस्कार सर, मी सेलूकडचा, परभणी जिल्हा. शेतातल्या आखाड्यावर रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) बसवलाय, मोसंबीच्या ड्रिपचे व्हॉल्व्ह त्याच्यावरच चालतात. पत्र्याच्या शेडमधे प्लास्टिकच्या डब्यात ठेवलाय, चार्जर मोबाईलचाच. एप्रिल लागला की दुपारी बंद पडतो, आणि लाइट जाऊन-येऊन दोन मेमरी कार्डं गेली. डब्यात पंखा बसवू का?

उत्तर: दादा, पंखा आत्ताच घेऊ नका. बंद डब्यात पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो, आणि भोकं पाडली की काळ्या मातीची धूळ आत. मागं एका आखाड्यावरचा डबा उघडला तर पात्यांवर माती अन कापसाचे तंतू इतके बसलेले की पंखा बोटानं सुद्धा फिरेना. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची केस घ्या, ती थर्मल पॅडनं (उष्णता पुढं नेणारी मऊ पट्टी) चिपला टेकते, अख्खी केसच उष्णता बाहेर टाकते. आणि डबा पत्र्याखालून काढून उत्तरेच्या भिंतीला, लिंबाच्या सावलीत लावा, फक्त पाऊस लागू देऊ नका.

पण मला खरा संशय चार्जरचा आहे. कारण ८० अंशाला पाय स्वतःच वेग कमी करतो, ८५ ला अजून कमी, म्हणजे तो हळू होतो, सहसा बंद पडत नाही. दुपारी तो अडखळायला लागला की रिस्टार्ट करायच्या आधी टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) vcgencmd get_throttled ही कमांड द्या. उत्तरात 0x50000 आलं तर व्होल्टेज मधे कधीतरी ४.६३ च्या खाली गेलंय असं समजा. मग ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच अडॅप्टर आणि आखूड जाड केबल.

कार्डं उन्हानं नाही, लिहिता लिहिता लाइट गेल्यानं जातात, म्हणून एक छोटा यूपीएस लावाच. ड्रिपचं सगळं सेटिंग झालं की रास्पी-कॉन्फिग (raspi-config) या पायच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, पण नवीन नोंदी रिस्टार्टला पुसल्या जातात हे ध्यानात ठेवा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. पाय ४ मधे स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आली अन इंटरनेट नसलं तर वेळ चुकीची धरतो आणि पहाटेचं पाणी भर दुपारी सुटतं, कोवळ्या झाडांना ते परवडत नाही, त्यामुळे सेलवालं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे लाइट गेली तरी चालणारं घड्याळ, बसवून घ्या. आणि चालू कार्डाची एक कॉपी आजच काढून घरी ठेवा.