सा नसलेले स्केल

प्रश्न: लहानपणी आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाबरोबर मी हार्मोनियम वाजवत असे. गेली दोन वर्षे वांद्र्याला जाऊन जॅझ पियानो शिकत आहे. डिमिनिश्ड स्केल, म्हणजे अर्धस्वर आणि पूर्णस्वर आलटून-पालटून येणारे आठ स्वरांचे स्केल, मी बाराही पट्ट्यांत पाठ केले आहे, परंतु सोलो घेताना ते वाजवले की पलटे घोकल्यासारखे ऐकू येते. शिवाय त्याची दोन रूपे सांगितली जातात, एक पूर्णस्वराने सुरू होणारे आणि दुसरे अर्धस्वराने. यांपैकी कोणते कुठे वाजवायचे, याचा माझा दर वेळी गोंधळ होतो.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: आपण हार्मोनियमवरून पियानोकडे आला आहात, म्हणून उत्तरही पांढरी-काळीच्या भाषेतच देतो. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरावा. या पट्टीतली रचना सा वर परतण्यापूर्वी बहुधा पंचमावरच्या कॉर्डवर (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या समूहावर), म्हणजे जी सेव्हनवर येते आणि त्या कॉर्डमध्ये प, नि, रे आणि म हे चार स्वर असतात. आता पंचमापासून एक अर्धस्वर, एक पूर्णस्वर, पुन्हा एक अर्धस्वर अशा क्रमाने वर चढत जावे. प, कोमल ध, कोमल नि, शुद्ध नि, कोमल रे, शुद्ध रे, ग, म असे आठ स्वर मिळतात. पट्ट्यांच्या हिशेबाने ते पांढरी पाच, काळी चार, काळी पाच, पांढरी सात, काळी एक, पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी चार असे येतात.

ही यादी सावकाश पुन्हा वाचावी. सप्तकातल्या बारा स्वरांपैकी आठ स्वर यात आले आहेत, पण खुद्द सा त्यात नाही. त्याच्या खाली अर्ध्या स्वरावर शुद्ध नि आहे आणि वर अर्ध्या स्वरावर कोमल रे आहे, मधली जागा तेवढी रिकामी आहे. या स्केलचे सगळे सामर्थ्य मला त्या रिकाम्या जागेत दिसते. ज्या स्वरावर पोहोचायचे तोच राखून ठेवलेला असल्यामुळे, पुढच्या मात्रेला सी कॉर्ड येऊन सा उमटतो तेव्हा ऐकणाऱ्याला खरोखर घरी आल्यासारखे वाटते. सराव चालल्याचा भास होतो तो बहुधा हे स्केल मुक्काम समजून वाजवल्यामुळे होतो. तो मुक्काम नसून सा कडे नेणारा रस्ता आहे.

दोन रूपांचा गोंधळ यातूनच सुटतो. वरचेच आठ स्वर पंचमाऐवजी शुद्ध निषादापासून वाजवून पाहावेत. नि पासून कोमल रे हा पूर्णस्वर, तिथून शुद्ध रे हा अर्धस्वर, असा क्रम आपोआप उलटतो, पण पट्ट्या त्याच राहतात. जी सेव्हनमधला मूळ प काढून त्या जागी कोमल ध घेतला की नि, रे, म, कोमल ध अशी बी डिमिनिश्ड सेव्हन ही कॉर्ड तयार होते. म्हणून जी सेव्हनसारख्या सेव्हन्थ कॉर्डवर तिच्या मूळ स्वरापासून अर्धस्वराने सुरुवात करावी आणि डिमिनिश्ड कॉर्डवर पूर्णस्वराने. याच्या उलट केले, म्हणजे जी सेव्हनवर प पासून पूर्णस्वराने निघालो, तर कॉर्डमधले नि, रे आणि म हे तिन्ही स्वर गळतात, शिवाय नको असलेला सा मध्येच हजर होतो.

आपण बाराही पट्ट्यांत हे स्केल पाठ केलेत, ती मेहनत वाया गेलेली नाही, परंतु प्रत्यक्षात वेगवेगळी डिमिनिश्ड स्केल्स तीनच आहेत. मूर्च्छनेचे, म्हणजे स्वर तेच ठेवून त्यांतला दुसराच स्वर सा मानण्याचे तत्त्व आपल्या परिचयाचे असेल. भूपाचा रे सा धरला की मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात, ग धरला की मालकंसाचे आणि प धरला की दुर्गेचे, कारण भूपातली स्वरांतरे असमान आहेत. डिमिनिश्ड स्केलमधली अंतरे एकसारखी आलटून-पालटून येतात. त्यामुळे आठांपैकी कोणताही स्वर सा धरला तरी वर सांगितलेली दोनच रूपे निघतात आणि दर तीन अर्धस्वरांनी आपण त्याच आठ स्वरांत परत येतो. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच हा स्वरसमूह वापरला होता, आणि फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांनी त्याला मर्यादित स्थलांतराच्या स्वरसमूहांपैकी दुसरा म्हटले, ते याच गुणामुळे.

हाच गुण वादकाला बाधतोही. कोणतीही छोटी आकृती तीन-तीन अर्धस्वरांनी वर सरकवली तर ती चार वेळांत सप्तक पूर्ण करून जिथून निघाली तिथेच येते. बोटांना ते सोपे जाते, पण कानाला पुढचे सगळे आधीच कळलेले असते. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय आपल्या तबल्यातून आला आहे. प, कोमल ध, कोमल नि ही तीन स्वरांची आकृती घ्यावी आणि तिच्यामागे कोमल नि, शुद्ध नि, कोमल रे, आणि मग कोमल रे, शुद्ध रे, ग असे दोन पल्ले जोडावेत. मात्रेला दोन या हिशेबाने जी सेव्हनच्या चार मात्रांत आठ स्वर बसतात आणि नववा स्वर, म्हणजे शेवटचा ग, पुढच्या आवर्तनाच्या समेवर नेमका सी कॉर्डवर पडतो. ही शुद्ध बेदम तिहाई झाली, म्हणजे मध्ये न थांबता तीनदा येऊन समेवर संपणारी आकृती! ग हा सी कॉर्डचाच स्वर असल्यामुळे ती सुरातही समेवर येते. चौथा पल्ला घेण्याचा मोह मात्र टाळावा.

दुसरा प्रयोग त्याहून शांत आहे. या आठ स्वरांत जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट आणि ई या चार मेजर कॉर्ड दडलेल्या आहेत. डाव्या हाताने प आणि म धरून उजव्या हाताने ई मेजर, म्हणजे ग, कोमल ध, नि वाजवावे. मग ग तसाच ठेवून कोमल ध अर्धा स्वर खाली प वर आणि नि अर्धा स्वर वर सा वर न्यावा. त्याच वेळी डावा हात सा वर यावा. मी शिकत होतो तेव्हा माझे गोवेकर शिक्षक हे तीन स्वर आधी एक-एक करून गाऊन दाखवायला लावीत आणि कोमल ध चा प होताना ऐकू आला, तरच पियानोला हात लावू देत. आपणही तसेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न: डिमिनिश्ड स्केलच्या एका रूपात दोन्ही मध्यम आहेत आणि पंचम नाही. मग त्याचे ललित रागाशी नाते आहे का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: आपले निरीक्षण अचूक आहे. सा पासून पूर्णस्वराने सुरू केले की सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध आणि नि असे स्वर येतात. दोन मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम वगळला जातो. साम्य मात्र इथेच संपते, कारण ललितात रे कोमल आणि ग शुद्ध आहे, म्हणजे पूर्वांगच, सप्तकाचा खालचा अर्धा भागच, निराळे आहे. त्याहून मोठा फरक तानपुऱ्याचा आहे. पंचम वर्ज्य असल्यामुळे ललितात पहिली तार मध्यमात किंवा निषादात मिळवली, तरी सा सतत वाजत राहतो आणि दोन मध्यमांचा ताण त्या सा च्या नजरेसमोरच उलगडतो. जॅझमध्ये खालचा आधारस्वर कॉर्डगणिक बदलतो.

हे कानानेच तपासता येईल. तानपुरा सा-म मध्ये मिळवून वरचे आठ स्वर सावकाश गावेत आणि मग तानपुरा थांबवून तेच स्वर हार्मोनियमवर सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध एकत्र धरून गावेत. पहिल्या वेळी कोमल ग आणि तीव्र म सा पासून दूर उभे असल्यासारखे वाटतील, तर दुसऱ्या वेळी चारही स्वर सारखेच महत्त्वाचे वाटून त्यांतला सा कोणता, हे सांगणे कठीण जाईल.