डी९० की डी७०००? आधी काकांची लेन्स बाहेर काढा

प्रश्न : ताई, अहमदपूरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. फोटोचा नाद मोबाइलपासून लागला. भावकीतल्या हळदी, बारशी, साखरपुडे आता मीच काढतो, आणि अलीकडे लोक पैसेही द्यायलेत. सोयाबीनचे पैसे हातात आलेत, त्यातून जुना निकॉन घ्यावा म्हणायलोय. लातुरात दोन बघून ठेवलेत. एक डी९०, १८-१०५ लेन्ससकट तेरा हजार, शटर काउंट (आतापर्यंत काढलेले फोटो) ३१ हजार. दुसरा डी७०००, नुसती बॉडी, सोळा हजार, शटर काउंट ९२ हजार. काकांचा फिल्मवाला एफएम२ घरात पडून आहे, त्याची ५० एमएम एफ/१.८ लेन्स चांगली आहे. दुकानदार म्हणतो, डी९० घ्या, कमी चाललेला आहे, वर लेन्स मिळते. मित्र म्हणतो डी७०००. माळेगावच्या यात्रेआधी घ्यायचाय. काय करू? (एक वाचक, अहमदपूर)

उत्तर : डी७००० घ्या. दुकानदार तुम्हाला फसवतोय असं नाही. त्याचा हिशोब सरळ आहे. पण तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट त्याने विचारलीच नसणार. ती म्हणजे काकांची लेन्स.

एफएम२ ची ती लेन्स हाताने फोकस करायची, तिच्यात चिप नाही. डी९० ला ती बसते, फोटोही निघतो, पण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आंधळा होतो. एम, म्हणजे सगळं हाताने लावायच्या, मोडवर टाकायचं, अंदाजाने शटर लावायचं, फोटो काढून पडद्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, पुन्हा दुरुस्त करायचं. घरी फुलदाणीचा फोटो काढताना हे जमतं. नवरीच्या अंगाला हळद लागत असताना जमत नाही, कारण ती थांबत नाही आणि तिच्या मावश्या तर अजिबात थांबत नाहीत. डी७००० च्या माउंटभोवती (लेन्स बसते त्या कड्याभोवती) एक छोटा खटका आहे, तो लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगला (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कड्याला) अडकतो. त्यामुळे रिंग कुठे फिरवली ते कॅमेऱ्याला कळतं. सेटअप मेनूत ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ मध्ये ५० एमएम आणि एफ/१.८ एकदा भरून ठेवा, की ए मोडवरसुद्धा, म्हणजे शटर कॅमेऱ्यावर सोपवूनही, मीटर बिनतक्रार चालतो. फोकस हातानेच करायचा, पण नीट बसला की व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे खाली हिरवा ठिपका स्थिर होतो. हा ठिपका दोन्ही कॅमेऱ्यांत आहे.

लेन्स चढवण्याआधी एक खात्री करा. रिंग कुठे आहे ते खटक्याने कॅमेऱ्याला कळवायची ही ‘एआय’ पद्धत निकॉनने १९७७ मध्ये आणली. त्याआधीची न बदललेली लेन्स डी७००० वर जोर लावून बसवली तर तोच खटका मोडतो. एआय लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक मोठी आणि माउंटच्या बाजूला एक बारीक. एफएम२ हा १९८२ चा कॅमेरा, त्यामुळे तुमची लेन्स एआय किंवा त्यानंतरचीच असणार. तरी काकांना विचारा, त्यांनी ती कॅमेऱ्यासोबतच घेतली की आणखी कुणाकडून आली.

आता या लेन्सची उणी बाजू. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे ५० एमएम ही ७५ एमएमसारखी वागते. पोर्ट्रेटला देखणी. पण दहा बाय बाराच्या खोलीत हळद चालली असेल तर पाठ भिंतीला टेकवूनही चौरंग आणि करवल्या एका फ्रेममध्ये मावायच्या नाहीत. म्हणजे एक रुंद लेन्स लागणारच. त्यासाठी माझा चोरटा सल्ला असा, की डी९० वाल्यालाच विचारा, १८-१०५ वेगळी देतो का. ही लेन्स निकॉनने २००८ मध्ये डी९० सोबतच काढली आणि पुढे डी७००० सोबतही किटमध्ये दिली, तेव्हा जोडी जमलेलीच आहे. नाही म्हणाला तर जुनी १८-५५ व्हीआर घ्या, पण नावात एएफ-एस आहे ना ते वाचून. एएफ-पी लिहिलेली घेऊ नका, कारण खाली पैठणच्या वाचकाला सांगितलंय.

मग बाकीचं. डी९० ऑगस्ट २००८ चा, डी७००० सप्टेंबर २०१० चा. मध्ये दोनच वर्षं, पण त्या दोन वर्षांत सेन्सर बराच पुढे गेला. १२.३ मेगापिक्सेलचे १६.२ झाले, हे सगळ्यांना दिसतं. त्याला मी फार किंमत देत नाही. लांबीच्या बाजूने ४२८८ पिक्सेलचे ४९२८ झाले, म्हणजे पंधरा टक्के वाढ. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय १८ च्या पानावर डी९० चा फोटो इंचाला २३८ पिक्सेल देतो, डी७००० चा २७४. नवरीच्या आईला हा फरक दिसत नाही, आणि अल्बमवाल्यालाही नाही.

दिसतो तो अंधारातला फरक. परभणीत स्टुडिओ सांभाळताना मी दोन्ही वापरलेत. डी९० वर आयएसओ (उजेड टिपायची ताकद) १६०० पर्यंत मी निर्धास्त असायचे, ३२०० ला चेहऱ्यावर रांगोळी सांडल्यासारखं व्हायचं. डी७००० वर ३२०० चा फोटो गिऱ्हाइकाला द्यायला संकोच वाटत नाही. मंगल कार्यालयात सगळा उजेड स्टेजवर आणि पंगतीत दोन ट्यूबलाइट, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. तिथे एवढा एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडातही तोच फोटो) फार कामाचा. दुसरं म्हणजे सावलीतला तपशील. डी९० चा मूळ आयएसओ २०० आणि रॉ (कच्ची, प्रक्रिया न केलेली) फाइल १२ बिटची; बिट जास्त तितक्या छटा जास्त. डी७००० चा १०० आणि १४ बिटपर्यंत. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात दुपारी उभं राहून फोटो काढा. वर आभाळ पांढरं, खाली ओवरी काळी. आभाळ राखून काढलेली डी७००० ची रॉ फाइल संगणकावर उजळवली तर ओवरीतल्या मूर्ती स्वच्छ बाहेर येतात. डी९० च्या फाइलमध्ये मूर्तींसोबत रंगीत कचराही वर येतो.

पैसे घेऊन काम करणार असाल तर डी७००० च्या बाजूने सगळ्यांत मोठं कारण दोन कार्डं. डी९० मध्ये एकच खाच. डी७००० मध्ये दोन, आणि दोन्हींवर एकच फोटो एकदम उतरवता येतो. घेतल्या दिवशीच मेनूत जाऊन ‘बॅकअप’ लावा. अक्षता पुन्हा पडत नाहीत.

यात्रेचंही याच बाजूने. माळेगावला तुम्ही घोडे काढणार हे गृहीत धरते, कारण तिथे जाऊन कुणी दुसरं काही काढल्याचं मला माहीत नाही. डी९० ला फोकसचे ११ बिंदू, त्यातला मधला एकच क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), वेग सेकंदाला ४.५ फोटो. डी७००० ला ३९ बिंदू, मधले ९ क्रॉस-टाइप, वेग ६. फोकस एएफ-सी वर (हलत्या गोष्टीमागे फोकस फिरवत राहणारा मोड) आणि ९ बिंदूंच्या डायनॅमिकवर ठेवा. तो मोड बदलायचं बटण शोधून सापडत नाही म्हणून लोक मला पत्रं पाठवतात. लेन्सशेजारी एएफ/एम चा खटका आहे, त्याच्या मधोमध ते दडलंय; दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. मात्र रॉ मध्ये सलग दहा-एक फोटो झाले की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा अडखळतो. घोडा समोरून यायच्या आधीच बोट दाबून बसू नका.

डी७००० ची एक खोड आहे. मॅट्रिक्स मीटर, म्हणजे सगळी फ्रेम बघून उजेड ठरवणारा मीटर, फोकस-बिंदूखालच्या भागाला जास्त मानतो. सावळा चेहरा, त्यावर पांढरा फेटा, वर डिसेंबरचं लख्ख ऊन. फोकस चेहऱ्यावर ठेवलात की चेहरा उजळतो आणि फेट्याचा पीळच नाहीसा होतो. उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे ०.३ ते ०.७ वर ठेवून द्या. डी९० या बाबतीत जरा सौम्य.

व्हिडिओबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हळदीचा व्हिडिओ तुमच्याकडे मागितला जाणार. व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर हा मान डी९० चा. पण तो ७२० पी, एका वेळी पाच मिनिटं, आणि बाहेरचा माइक लावायची सोय नाही. डी७००० वर १०८० पी, वीस मिनिटं, माइकची खाच आहे. चालू व्हिडिओत आपोआप फोकस तो करतो म्हणतो. तुम्ही मात्र करू देऊ नका.

राहिला शटर काउंट. डी९० चं शटर एक लाखापर्यंत चाचणी केलेलं, डी७००० चं दीड लाखापर्यंत. म्हणजे तुमच्या डी७००० चे चाचणीतले ५८ हजार अजून शिल्लक आहेत. एका लग्नाला दीड हजार फोटो धरले तरी अडतीस लग्नं निघतात, आणि दीड लाख झाले म्हणून शटर त्या दिवशी बंद पडत नाही. पण विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. तिथेच एक फोटो काढा, कार्ड घरी आणा, एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात मूळ फाइल उघडा. निकॉन हा आकडा फाइलमध्येच लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो उरत नाही. सोबत मेनूत ‘बॅटरी इन्फो’ बघा. बॅटरीचं वय ० ते ४ मध्ये दाखवतात. ३ किंवा ४ असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दोन्ही कार्डांच्या खाचा चालवून बघा, अंगठ्याखालचं रबर सुटलंय का ते चाचपा. रबर सुटलेलं असेल तर कॅमेरा वाईट म्हणून नको, भाव पाडायला चांगलं.

डी९० कुणी घ्यावा? ज्याला शिकायचंय, पैसे घेऊन काम करायचं नाही, आणि घरात जुनी लेन्स नाही, त्याने. तेरा हजारांत लेन्ससकट तो स्वस्तच आहे.

प्रश्न : माझ्याकडे डी९० आणि किट लेन्स आहे. हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी काढतो, पण फार लहान येतात. डी७००० घेतला तर फरक पडेल का? (एक वाचक, पैठण)

उत्तर : नाही. वर अहमदपूरच्या वाचकाला डी७००० घ्या म्हटलं आणि तुम्हाला नको म्हणते, कारण तुमचं दुखणं वेगळं आहे. डी७००० च्या जास्तीच्या पिक्सेलमुळे ३०० एमएमची लेन्स ३४५ ची झाल्यासारखी वाटेल, एवढंच. तुमच्याकडे मुळात १०५ आहे. ते पैसे जुन्या एएफ-एस ७०-३०० व्हीआर लेन्समध्ये घाला. रोहित (फ्लेमिंगो) पाण्याच्या मधोमध उभे असतील तर तेही पुरणार नाही, पण काठावरचे बगळे, शेकाटे, शराटी फ्रेम भरून येतील.

घेताना नाव अक्षरन् अक्षर वाचा. एएफ-पी ७०-३०० नावाचीही लेन्स बाजारात आहे, हलकी आणि दिसायला छान. ती डी९० वरही चालत नाही आणि डी७००० वरही नाही. तिची फोकस रिंग विजेवर चालते, त्यामुळे हातानेसुद्धा फोकस होत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही.

प्रश्न : डी९० मध्ये ६४ जीबीचं कार्ड घातलं तर एरर येते. कॅमेरा बिघडला का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. डी९० ला एसडीएचसीच कळतं, म्हणजे ३२ जीबीपर्यंत. ६४ चं कार्ड एसडीएक्ससी असतं. ते डी७००० वर चालतं. तुम्ही १६ ची दोन घ्या. रॉ फाइल दहा एमबीच्या आसपास असते, तुम्हाला भरपूर होतील.

प्रश्न : जुना डी७००० घेतला. आभाळाच्या फोटोत काळे ठिपके येतात, एफ/४ ला दिसत नाहीत, एफ/१६ ला दिसतात. लेन्स बदलली तरी तिथेच. (एक वाचक, केज)

उत्तर : लेन्स बदलूनही जागा तीच, म्हणजे डाग सेन्सरवर आहेत. आधी मेनूतलं सेन्सर क्लीनिंग चार-पाच वेळा चालवा. नाही गेलं तर बॅटरी पूर्ण भरा, ‘लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग’ लावा, कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने खालून हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा थेंब गेला तर नवा डाग. कान साफ करायची काडी तर मुळीच नको.

त्यानंतर पुन्हा एफ/१६ ला आभाळ काढा. ठिपके हलले किंवा कमी झाले तर धूळ होती. जागचे हललेच नाहीत आणि गोल, कडेला फिकट असतील तर तेल समजा. डी७००० च्या सुरुवातीच्या काळात अशा तक्रारी बऱ्याच होत्या. ते ब्लोअरने जात नाही, ओल्या स्वॅबने पुसावं लागतं. पहिल्यांदा ते जाणकाराकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. आणि मळणीयंत्र चालू असलेल्या शेतात लेन्स बदलू नका. बदलायचीच असेल तर गाडीत काचा लावून बसा, कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा.