कामगार पुढाऱ्याची जतन केलेली कागदपत्रं वाचून खरंच काही हाती लागतं का?

तुम्ही विचारलंय की ना. म. जोशींच्या कागदपत्रांवर प्रबंध करायचा आहे, पण संग्रहाची यादी बघितली तर नुसता पत्रव्यवहार, ठराव आणि निवेदनं दिसतात. चळवळ कुठे आहे यात?

आहे, पण एका बाजूची आहे. कागद टिकतात ते सरकारशी बोलणाऱ्याचे. गिरणीच्या फाटकावर उभा राहून बोलणाऱ्याचे टिकत नाहीत. अशा फायली मी बऱ्याच चाळल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हेच पुन्हा दिसलं.

जोशींचंच बघा. १९०९ मध्ये भारत सेवक समाजात आले, १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटक (देशभरातल्या कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना) उभी करण्यात पुढे होते, १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी. वर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ये-जा. अशा माणसाचं अर्धं आयुष्य टाइपरायटरशेजारीच जाणार. सरकारला निवेदन, जिनिव्हाला अहवाल, बहुतेक सगळं इंग्रजीत आणि प्रत्येकाची कार्बन प्रत आपल्याकडे. म्हणून आज दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात (जुनं नाव नेहरू स्मारक, २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय) त्यांचा संग्रह आहे आणि आयटकचाही आहे.

आता त्याच मुंबईत १९२८ चा संप घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर, दीडेक लाख गिरणी कामगार बाहेर. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीतले. चाळीचाळीत फिरून, खोलीत बसून जे काम झालं त्याचा कागद कोण ठेवणार? पण गंमत बघा, यातलं बरंच सरकारनेच सांभाळून ठेवलंय. २० मार्च १९२९ ला मीरत कटाच्या, म्हणजे ब्रिटिश सत्ता उलथवण्याचा कट केल्याच्या, आरोपाखाली कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे आणि गिरणीतले आळवे, कासले असे सगळे आत. झडत्यांमध्ये पत्रं, हिशेब, हस्तपत्रकं, वर्तमानपत्रांचे अंक, जे मिळेल ते उचललं आणि पुरावा म्हणून नंबर घालून छापलं. खटला १९३३ पर्यंत चालला. घरी राहिले असते तर त्यातले निम्मे कागद पावसाळ्यात गेले असते, असं माझं मत आहे. शिवाय आरोपींनी कोर्टापुढे दिलेली निवेदनं नोंदली गेली आहेत. गिरणीत काम केलेल्या माणसाने आपलं म्हणणं सलग मांडलंय, असं साधन त्या काळातलं फार कमी मिळतं. प्रबंध जोशींवर असला तरी ती वाचाच.

भाषणांचंही तसंच. सभेत मराठीत बोललेलं बहुतेक वेळा पोलिसांच्या अहवालातच उरलंय, तेही इंग्रजी गोषवाऱ्यात. मुंबईच्या अभिलेखागारात गृह खात्याच्या स्पेशल शाखेच्या फायली मागवा. लिहिणाऱ्याला नोकरी टिकवायची होती हे लक्षात ठेवून वाचायचं. वक्ता भडक बोलला असं दाखवण्यात त्याचाही फायदा होता.

संग्रहात बसलात की सुरुवात जोशींनी लिहिलेल्या पत्रांपासून करू नका, त्यांना आलेल्या पत्रांपासून करा. हातची पत्रं आधी. टाइप केलेल्या पत्रात संघटना बोलते. हाताने लिहिलेल्यात माणूस वकिलाची फी मागतो, कामावरून काढल्याचं सांगतो, ‘गेल्या पत्राला उत्तर नाही’ म्हणून कुरकुरतो. कागदाची मागची बाजू बघायला विसरू नका. कागद महाग, म्हणून जुन्या हस्तपत्रकाच्या पाठीवर वर्गणीचा हिशेब मांडलेला असू शकतो आणि यादी करणाऱ्याने फक्त पुढची बाजू नोंदलेली असते. गंजलेली टाचणी दिसली तर स्वतः काढू नका, काउंटरवरच्या माणसाला सांगा. टाचणीने कुठले दोन कागद एकत्र धरलेत हे मात्र वहीत लिहून घ्या. पत्र कशाला उत्तर म्हणून गेलं, हे कधीकधी तेवढ्यावरूनच कळतं.

एक जागा नीट धरून वाचा: १९२९ ची अखेर. नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली. व्हिटली कमिशनवर (कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने नेमलेला आयोग) बहिष्कार घालायचा की नाही हा वादातला मोठा मुद्दा, आणि जोशी स्वतः त्या कमिशनचे सदस्य! ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि वेगळी फेडरेशन काढली. हीच माणसं एकमेकांना आधी काय लिहीत होती, नंतर मायना कसा बदलला, कोणाची पत्रं बंदच झाली, हे तारखेने लावून बघा. ठरावांच्या छापील भाषेतून हे कधीच कळणार नाही.

सभासदसंख्येवर मात्र पत्रांतल्या आकड्यांवरून विश्वास ठेवू नका. प्रत्येक पुढारी आपला आकडा फुगवतो, तो डावा असो की मवाळ. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानंतर नोंदणीकृत युनियनला दरवर्षी रजिस्ट्रारकडे विवरण द्यावं लागायचं. तो आकडा आणि मुंबईच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ (१९२१ पासून) शेजारी ठेवा. तेही डोळे मिटून मान्य करू नका, पण निदान तीन आकड्यांत ताळमेळ बघता येतो.

बायका या सगळ्यात फार कमी दिसतील. संपात होत्या, पत्रव्यवहारात नव्हत्या. त्यासाठी मुलाखतींकडे जावं लागेल. तीन मूर्तीलाच मौखिक इतिहासाच्या टंकलिखित मुलाखती आहेत, आणि नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी संस्थेत भारतीय कामगारांचं वेगळं अभिलेखागार आहे. जाण्याआधी मार्गदर्शकांचं पत्र घ्या आणि फोटो काढू देतात का हे ईमेलने विचारून ठेवा. नाही म्हणाले तर पेन्सिल आणि जाड वही, दुसरा इलाज नाही.