सिंबॉल ग्राफला पहिला पॅच पाठवण्याआधी

स्विफ्ट कंपायलरच्या सिंबॉल ग्राफवर, म्हणजे मॉड्यूलमधले टाइप, मेथड आणि त्यांची नाती यांच्या यादीवर, काम करायचं म्हणतोस ना, मग लगेच कंपायलरचा सी-प्लस-प्लस कोड उघडू नकोस. आधी चार ओळींचं मॉड्यूल लिही: एक पब्लिक स्ट्रक्ट, त्यात एक मेथड, शिवाय अ‍ॅरेवर एक पब्लिक एक्स्टेन्शन. 'स्विफ्ट-सिंबॉलग्राफ-एक्स्ट्रॅक्ट' या टूलनं ग्राफ काढ आणि तो ज्यात निघतो ते जेसन (साधा टेक्स्ट डेटा) स्वतः वाच. दोन फायली निघतील. अ‍ॅरे आपल्या मॉड्यूलचा नाही, म्हणून त्याच्यावरची मेथड 'अ‍ॅट स्विफ्ट' असं नाव लागलेल्या दुसऱ्या फायलीत जाते. 'माझी मेथड गायब' म्हणून मीही एकदा बग टाकून बसलो होतो.

सिंबॉलची ओळख नावावर नाही, यूएसआरवर, म्हणजे कंपायलरनं प्रत्येक सिंबॉलला दिलेल्या एकमेव आयडीवर ठरते. एकाच नावाचे तीन ओव्हरलोड (नाव तेच, पॅरामीटर किंवा टाइप वेगळे) आले की नावावर विसंबलेला कोड तोंडावर आपटतो.

खरी मेख डिक्लरेशन फ्रॅगमेंट्समध्ये. तिथे डिक्लरेशन एक अख्खी स्ट्रिंग नसते, तुकडे असतात: कीवर्ड, आयडेंटिफायर, टाइप. टाइपच्या तुकड्याला त्याचा यूएसआर चिकटलेला असतो, त्यावरूनच डॉकसी हे डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल लिंक बनवतं. तू तो टाइप साधा टेक्स्ट म्हणून छापलास, तर पानावर अक्षर न अक्षर बरोबर दिसेल, पण लिंक मेलेली. रिव्ह्यूत हे सहज निसटतं, म्हणून टेस्टमध्ये तुकड्याचा प्रकार आणि यूएसआर दोन्ही तपास.

आणि ग्राफमध्ये डॉक कमेंट (कोडवर लिहिलेलं वर्णन) रिकामी आली तर कंपायलरला शिव्या घालण्याआधी मॉड्यूलशेजारी स्विफ्टडॉक फाइल आहे का ते बघ, या कमेंट तिच्यात असतात. ग्राफ काढणारं हे एक्स्ट्रॅक्ट टूल सोर्स वाचत नाही, बिल्ड झालेलं मॉड्यूल वाचतं.