हायब्रीड टायर घ्यायचा की मुरूम टाकायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहितो, चुकीचं समजलो असेन तर सांगा. खारघरची व्ही-क्रॉस (इसुझूची पिकअप), फोर बाय फोर, ४८ हजार किलोमीटर झालेली, कंपनीचे १८ इंची टायर झिजून गोटा (गुळगुळीत) व्हायच्या बेतात. आठवड्यातून दोनदा मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळच्या शेतावर फेरी. जाताना हौद्यात खत, पाइप, कधी सिमेंट. येताना बहुतेक वेळा हौदा रिकामा. गेल्या पावसाळ्यात गाडी दोनदा रुतली, दोन्ही वेळा एकाच जागी, नाल्याच्या अलीकडच्या तीस-चाळीस मीटरच्या पट्ट्यात, आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. आता टायरवाला म्हणतो, ‘साधा ऑल टेरेन पुरणार नाही, मड टेरेन जास्त होईल, मधला हायब्रीड टाका.’ (ऑल टेरेन म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर, मड टेरेन म्हणजे खास चिखलासाठीचा.) टाकावा का?

माझं मत: नका टाकू. गाडीच्या मूळ मापात चांगला ऑल टेरेन घ्या आणि वाचलेल्या पैशांतून त्या चाळीस मीटरवर मुरूम टाका. थट्टा करत नाहीये, हिशोब पुढे देतो.

हायब्रीड म्हटलं की आमच्या पिढीला आधी हायब्रीड ज्वारी आठवते. उतारा भरपूर, पण भाकरी खाताना आजी तोंड वाकडं करायची. या टायरचं थोडंसं तसंच आहे. कुणी त्याला रग्ड टेरेन म्हणतं, कुणी एक्स्ट्रीम ऑल टेरेन. टोयो ओपन कंट्री आर/टी, निटो रिज ग्रॅपलर, योकोहामाचा जिओलँडर एक्स-एटी ही त्यातली ठळक नावं. मधली नक्षी ऑल टेरेनसारखी थोडी दाट, खांद्याला मड टेरेनसारखे मोठे ठोकळे, खाचा खोल, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाड. दिसायला झकास, यात वाद नाही. निम्मे लोक त्या दिसण्यासाठीच घेतात आणि तसं कबूलही करतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

तुमची फेरी जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटरची धरू. त्यात कच्चं किती? तुम्हीच लिहिलंय, शेवटचे तीन. म्हणजे दोन्ही वेळचे मिळून सहा, शंभरात चारसुद्धा नाहीत. बाकीचा सगळा तळोजा, शिळफाटा, कल्याण, मुरबाड असा डांबर-काँक्रीटचा रस्ता, आणि त्यात चार महिने धो धो पाऊस. टायर त्या शहाण्णव टक्क्यांसाठी निवडायचा असतो. रुतलेली गाडी ट्रॅक्टर काढतो. ओल्या रस्त्यावर न थांबलेली गाडी काढायला कोणीच येत नाही.

हे मी अक्कलखाती रक्कम जमा करून शिकलोय. २०१९ च्या जूनमध्ये माझ्या आधीच्या पिकअपला असेच दणकट टायर होते, तेव्हा अर्धे झिजलेले. माल उतरवून रिकाम्या हौद्याने शिळफाट्याकडून महापेला येत होतो. पहिल्याच पावसाची सर, रस्त्यावर उन्हाळाभराचं तेल-धूळ वर आलेलं, उताराला एका रिक्षाने पुढे कट मारला. ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरतंय, एबीएस गुरगुरतंय, गाडी सरळच आहे, पण थांबायचं नाव नाही. पुढच्या टेम्पोचा फाळका जवळ येताना त्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मी अक्षर अन् अक्षर वाचलं. वीतभर अंतर राहिलं. रिक्षावाला तोवर दिसेनासा झालेला.

घरी येऊन टायरकडे नीट पाहिलं तेव्हा कारण कळलं. ओल्या रस्त्यावर पाणी दोन पातळ्यांवर हटवावं लागतं. साठलेलं पाणी मोठ्या खाचांतून जातं, आणि त्या कामात हायब्रीड चांगलाच असतो. पण रस्त्यावर उरलेला पातळ ओलावा फोडायला ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा लागतात. त्यांच्या कडा रस्त्याला धरतात. मोठ्या ठोकळ्यांच्या टायरवर अशा चिरा मुळात कमी, आणि पुष्कळदा त्या ठोकळ्याच्या निम्म्या खोलीपर्यंतच कापलेल्या. माझ्या टायरची नक्षी अर्धी शिल्लक होती, खाचेत बोट जात होतं, पण चिरा कधीच संपल्या होत्या. तो नवा असताना इतका वाईट नव्हता.

म्हणून दुकानात गेलात की एक करा. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा चिरेत घाला, किती आत जातो पाहा, मग शेजारच्या मोठ्या खाचेत घालून तुलना करा. जवळपास तेवढाच जात असेल तर उत्तम. निम्म्यावर अडत असेल तर समजा की टायर अर्धा झिजल्यावर पावसातला तुमचा भरवसाही अर्धा होणार. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पिकअपला हे कारपेक्षा जास्त लागू पडतं. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वजनासाठी बनवलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की मागची चाकं रस्त्यावर नीट बसतच नाहीत. वळणावर जरा जास्त रेस दिली की शेपूट सुटतं. पावसाळ्यात मी मागच्या अॅक्सलच्या वर रेतीच्या दोन-तीन गोण्या घट्ट बांधून ठेवतो. घट्ट हा शब्द महत्त्वाचा, सुटी गोणी ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीत येते.

आता हायब्रीडची खरी बाजू, कारण तिथे तो खरंच मार खात नाही. चिखलापेक्षाही त्याचा फायदा दगडात आहे. आपला सह्याद्रीचा काळा दगड फुटला की धारदार फुटतो. खाणीच्या, धरणाच्या, रस्त्याच्या कामांवर पडलेली ताजी खडी साध्या टायरची साइडवॉल चिरते, आणि चिरलेली साइडवॉल कुठलाच शहाणा पंक्चरवाला जोडून देत नाही, टायर थेट भंगारात जातो. माझा एक ओळखीचा ठेकेदार कर्जतच्या आतल्या भागात साइटवर रोज जातो. त्याला मीच सांगितलं, हायब्रीड घे. त्याची गाडी दिवसाचे वीस किलोमीटर डांबरावर आणि पंधरा दगडात असते. तुमच्या वाटेवर कापलेला टायर किती वेळा मिळाला? तुमच्या लिहिण्यात एकदाही नाही. तुम्हाला त्रास चिखलाचा आहे, आणि तोही एकाच ठिकाणी.

चिखलाचंही सांगतो. आवणीच्या दिवसांत खाचराशेजारच्या वाटेवरचा चिखल चिकट असतो. तो खाचांत भरला की हायब्रीड काय आणि ऑल टेरेन काय, दोन्ही गुळगुळीत. मोठ्या खाचांचा टायर तो चिखल फेकून देतो, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. म्हणजे दोन हजार किलोच्या गाडीची रेस वाढवून बांधाला लागून पळवायची. हौशी मंडळींना ते जमतं. खताच्या गोण्या घेऊन निघालेल्या माणसाने ते करू नये.

त्यापेक्षा हवा कमी करा. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर त्या पट्ट्याच्या आधी २० ते २२ वर आणा. टायर लांबीने पसरतो, जमिनीला टेकणारी जागा वाढते, गाडी चिखलावर तरंगल्यासारखी जाते. हौद्यात माल असेल तर मात्र इतकी हवा काढू नका. फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू, मध्ये न थांबता. डांबर लागलं की पुन्हा हवा भरायची, कमी हवेवर वेगात गेलात तर टायर तापून फुटेल. यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज एवढंच लागतं. दोन्हींचा खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा बराच कमी आहे. माझ्या हिशोबात टायरच्या आधी कॉम्प्रेसर.

आणि मुरूम. चाळीस मीटर म्हणजे सुमारे १३१ फूट. पूर्ण रस्ता नको, दोन चाकोऱ्या धरा, प्रत्येकी दोन फूट रुंद, सहा इंच थर. १३१ गुणिले ४ गुणिले अर्धा, म्हणजे २६२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रासच्या थोडं वर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबून बसतो म्हणून चार ब्रास धरा. पण नुसता मुरूम चिखलात टाकलात तर पहिल्याच आठवड्यात तो चिखलाचाच भाग होईल. खाली दगडाचं सोलिंग हवं आणि वरच्या अंगाला पाणी काढणारा चर हवा. चर नसेल तर सगळं फुकट. काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कडक असताना. रॉयल्टीची पावती असलेलाच माल घ्या आणि वाट सामायिक असेल तर शेजारच्यांना आधी विचारा, बहुधा तेही वाटा देतील. त्यांचे ट्रॅक्टर तिथेच घसरतात ना.

आता टायर घेताना. तुमचं मूळ माप २५५/६० आर१८, व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. टायरवाला तुम्हाला २६५/६० आर१८ सुचवेल, कारण त्या मापात (हायलक्सच्या वरच्या मॉडेलचं आहे ते) नक्षीचे पर्याय जास्त मिळतात. त्याचा व्यास ७७५, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास फरक. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा दीडेक किलोमीटर जास्त धावत असेल, याने जगबुडी होत नाही. पण पूर्ण स्टिअरिंग वळवून मडफ्लॅपला घासतं का ते बघूनच पैसे द्या. त्याहून मोठ्या मापाला जाऊ नका. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं माप हाच पाया धरा.

वजनाचा आकडा बघायला विसरू नका. मापानंतर ११२ लिहिलं असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो, १०९ असेल तर १०३०. कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीच नाही. काही दणकट टायर ‘एलटी’ (लाइट ट्रक) प्रकारचे येतात, त्यांच्यावर १२१/११८ असे दोन आकडे असतात. आकडा मोठा दिसतो म्हणून खूश होऊ नका. तेवढंच वजन पेलायला त्यांना हवा जास्त लागते. जुन्याच ३५ पीएसआयवर चालवलेत तर ते उलट कमी पेलतात, आणि हवा वाढवली की रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते. शिवाय असा एकेक टायर साध्यापेक्षा काही किलो जड असतो, चारही चाकांवर ते वजन फिरवायचं म्हणजे गाडी वेग घ्यायला मंदावते आणि डिझेल जास्त जातं. माझ्या गाडीला लिटरमागे एक किलोमीटरच्या आसपास फटका बसला होता. आवाजाचं वेगळंच. पहिले दहा हजार किलोमीटर काही वाटत नाही, मग ठोकळे एका बाजूने झिजायला लागले की ८० च्या वेगाला केबिनमध्ये पिठाची गिरणी सुरू होते. बायको म्हणाली, ‘गाणी बंद कर, नाहीतर गाडी बंद कर.’

तारीख बघा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात; २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. २०२० च्या जूनपासून टायरची आयात मुक्त राहिलेली नाही, परवाना लागतो. त्यामुळे बाहेरच्या नक्ष्या कमी आल्या आणि आहेत त्यांत जुना माल ‘स्पेशल आहे साहेब’ म्हणून खपवला जातो. वर्षाहून जुना असेल तर मी भाव पाडतो, दोन वर्षांहून जुना असेल तर हात जोडून निघतो. आयएसआय चिन्ह हवंच. डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचं (बर्फातल्या पकडीचं) चिन्ह दाखवून कोणी जास्त पैसे मागितले तर मुरबाडला बर्फ पडेपर्यंत थांबा म्हणावं.

चार घ्या, दोन नको. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढे-मागे वेगळी नक्षी किंवा वेगळी झीज असली की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. जमलं तर स्टेपनीसकट पाच घ्या आणि दर आठ हजार किलोमीटरना पाचही जागा बदलून फिरवा. बसवल्यावर अलाइनमेंट करा आणि पहिले दोनेकशे किलोमीटर जपून, नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण आपल्या पावसात मी चारवरच निरोप देतो.

नेमका कोणता ऑल टेरेन? जिओलँडर ए/टी जी०१५ मी स्वतः वापरतोय, ओल्यात समाधानी आहे, चिरा खोल आहेत. अपोलोचा अॅप्टेरा एटी२ सुद्धा बघा, पण तुमच्याच मापात मिळतो का ते विचारून, मग कार्डाची परीक्षा घेऊन. दुकानात जाल तेव्हा साइडवॉलचा फोटो इथे टाका, माप, वजनाचा आकडा आणि चार अंकी तारीख तिन्ही दिसतील असा. आणि नाल्याजवळच्या त्या पट्ट्याचाही एक टाका, पाणी कुठल्या अंगाने येतं ते दिसलं तर चर कुठे घ्यायचा ते सांगता येईल.